श्रेयांक आणि श्रेय

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी चार मित्र जमवून चित्रपट काढावा, ही हौस नवी नाही. नवे आहे ते या हौसेला मिळालेले शैक्षणिक अधिष्ठान. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्याकडील अभ्यासक्रमांची जी पुनर्रचना झाली, तीत क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कार्यानुभव, समाजसहभाग अशा उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले. साहजिकच, पूर्वी स्नेहसंमेलनाच्या आगेमागे जे उद्योग चालत, ते आता गुणपत्रिकेत आले. विद्यार्थ्यांच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाईल आहे, संकलनाची साधने फुकट मिळतात, आणि प्रकल्प गटाने करावयाचा आहे. तेव्हा ‘सर, आम्ही लघुपट करतो’ हा प्रस्ताव घेऊन मुले शिक्षक-कक्षाच्या दाराशी उभी राहिली, तर नवल नाही.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. चित्रपटकलेविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा त्याला हक्क नाही. परंतु सात जणांनी मिळून एक वस्तू निर्माण करणे, तिच्यासाठी श्रम आणि पैसा वाटून घेणे आणि अखेरीस तिचे फळही वाटून घेणे हा प्रश्न मूलतः अर्थशास्त्राचाच आहे. तो आपल्याला पुस्तकात समजला होता आणि व्यवहारात समजला नव्हता, हे कळायला मला एका बारा मिनिटांच्या चित्रपटाची आणि एका वहीची गरज लागली. या लेखात जी चूक सांगितली आहे ती माझी आहे. ती पुष्कळांची असावी, अशी शंका आल्यावाचून मात्र राहत नाही.

मेथीची जुडी आणि आठवड्याचा बाजार

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. गावात मंगळवारी बाजार भरतो. तृतीय वर्षाच्या सात विद्यार्थ्यांनी, म्हणजे चार मुलगे व तीन मुली यांनी, विषय निवडला तो उत्तम होता : सकाळी वीस रुपयांना जाणारी मेथीची जुडी दिवेलागणीला पाच रुपयांवर का येते? नाशवंत माल, परतीची शेवटची एस. टी., घरी परत नेण्याचा भार आणि हे सारे ठाऊक असल्याने मुद्दाम उशिरा येणारे गिऱ्हाईक. मागणी-पुरवठ्याच्या आलेखात जे दिसत नाही ते सारे त्या जुडीत होते. मी आनंदाने संमती दिली आणि, इथेच माझे काम संपले, असे समजलो.

पहिल्या मंगळवारी सातांपैकी तिघे आले. बाजाराच्या दिवशी त्यांचे तास होतेच. शिवाय एकजण पेट्रोल पंपावर काम करी आणि दोघींची गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला सुटे. भाव उतरतो तो नेमका साडेपाचनंतर! दुसऱ्या मंगळवारी एका म्हातारीची मुलाखत अर्धी झाली आणि शेजारच्या औषधविक्याने आपला कर्णा सुरू केला. उरलेली अर्धी पुढच्या खेपेस घ्यावी असे ठरले, तर पुढच्या मंगळवारी ती म्हातारी बाजाराला आलीच नाही. ती आली त्यापुढच्या मंगळवारी, वेगळ्या लुगड्यात आणि वेगळ्या जागी. पाचव्या मंगळवारी मोबाईलची साठवण भरली आणि मोबाईलच्या मालकाने, घरच्या लग्नाचे फोटो राखण्यासाठी, दोन तासांचे चित्रण पुसून टाकले. त्यावरून भांडण झाले, दोघे जण येईनासे झाले.

आठवड्यातून एकदाच भरणाऱ्या बाजाराचे चित्रण करताना चुकलेल्या एका क्षणाची किंमत सात दिवस असते. थोरामोठ्यांनाही ही किंमत चुकवावी लागली आहे. ‘पथेर पांचाली’च्या वेळी सत्यजित राय नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी चित्रण करीत. काशफुलांच्या शेतातील प्रसंग अर्धा घेऊन ते परतले आणि पुढच्या खेपेस गेले तेव्हा गुरांनी सारी फुले फस्त केली होती. उरलेल्या चित्रणासाठी पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. १९५२ साली चित्रणास आरंभ झालेला तो चित्रपट पडद्यावर आला १९५५ साली. राय थांबू शकले. आमच्या विद्यार्थ्यांना सत्र संपण्यापूर्वी प्रकल्प सादर करावयाचा होता.

तो सादर झाला. एका मुलाने तीन रात्री जागून संकलन केले, बारा मिनिटांचा लघुपट महाविद्यालयाच्या सभागृहात दाखविला गेला, टाळ्या पडल्या. मी सातही जणांना पन्नासपैकी बेचाळीस गुण दिले. सर्वांना समान गुण देणे हा मला न्याय वाटला. वस्तुतः तो न्याय नव्हता. न्यायाचा कंटाळा होता.

चिठ्ठ्यांची बेरीज

गुण दिल्यानंतर केवळ कुतूहल म्हणून मी सातही जणांना एक चिठ्ठी लिहावयास सांगितली. नाव नको; या चित्रपटाच्या कामात आपला वाटा शेकडा किती, एवढाच आकडा. आकडे असे आले : साठ, चाळीस, पस्तीस, तीस, वीस, वीस आणि पाच. बेरीज दोनशे दहा!

यात अप्रामाणिकपणा कोणाचाच नव्हता. मायकेल रॉस व फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले की, एकत्र केलेल्या कामात प्रत्येकाला स्वतःचा वाटा वास्तवाहून मोठा वाटतो. त्यांनी नवराबायकोंनाही घरकामाविषयी हाच प्रश्न विचारला होता. कारण सरळ आहे : स्वतःचे श्रम आठवतात, दुसऱ्याचे आपल्या डोळ्यांआड झालेले असतात. तीन रात्री जागलेल्या मुलाने साठ लिहिले असेल तर ते त्याच्या जाग्रणाशी इमान राखूनच लिहिले.

मला अस्वस्थ केले ते सातव्या चिठ्ठीने. नाव नव्हते, पण ते अक्षर मी ओळखले, कारण प्रकल्पाबरोबर आलेली खर्चाची वही त्याच अक्षरात होती. मी ती वही प्रथमच नीट उघडली. प्रत्येकी दोनशे, एकूण वर्गणी चौदाशे रुपये. खर्च तेराशे चाळीस : चहा, रिक्षा, साठवणीचे कार्ड, म्हातारीकडून घेतलेल्या बारा जुड्या. शिल्लक साठ. त्यापुढे बाजार वसुलीच्या ठेकेदाराची परवानगी कोणत्या दिवशी घेतली, कोणत्या भाजीवालीने चित्रणास होकार दिला व कोणी नकार दिला, याची नोंद. त्यापुढे दहा-बारा पाने भरून, मुलाखतींतील एकूण एक वाक्य, कितव्या मिनिटाला उच्चारले त्यासह उतरवलेले. ही पाने नसती तर तीन रात्रींत संकलन झालेच नसते. तीस रात्री लागल्या असत्या. आणि ही मुलगी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कोठे होती? शेवटी, ‘आभार’ या शीर्षकाखाली, चहावाल्याच्या नावानंतर.

पुढे ती पदव्युत्तर प्रवेशासाठी शिफारसपत्र मागावयास आली. अर्जात ‘सामूहिक प्रकल्पातील आपले योगदान’ असा रकाना होता. तो तिने कोरा ठेवला होता. मी विचारले तेव्हा म्हणाली, “सर, मी काही केलं नाही तसं. फक्त वही ठेवली.”

दोर ओढणारे आठ जण

अर्थशास्त्रात या दुखण्याचे निदान जुने आहे. आर्मेन आल्चियन व हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात उदाहरण घेतले ते हमालीचे : दोन माणसांनी मिळून जड ओझे ट्रकमध्ये चढविले, तर दिवसाअखेर एकूण किती वजन चढले हे मोजता येते, कोणी किती उचलले हे त्यावरून सांगता येत नाही. १९८२ साली बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी गणिताने सिद्ध केले की, केवळ सामूहिक फळ पाहून ते सारेच्या सारे सभासदांत वाटावयाचे असेल, तर प्रत्येकाला पुरेपूर श्रम करण्यास प्रवृत्त करील असे वाटपाचे सूत्रच काढता येत नाही. त्यांना पुढे २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, मॅन्सर ओल्सन यांनी फुकट्या प्रवाशाचा प्रश्न मांडला होता : फळ सर्वांना मिळणारच असेल तर घाम मी का गाळू? हे सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. आणि माझ्यापुढे गुण देण्याची वेळ आली तेव्हा मी ट्रकमधले एकूण वजन पाहिले आणि सातांना सारखे वाटून टाकले.

मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याचे प्रयोगही येथे आठवावेत. माणसांना एकेकट्याने दोर ओढावयास लावले आणि मग समूहाने. आठ जण मिळून जे बळ लागले ते आठांच्या एकेकट्या बळांच्या बेरजेच्या जवळपास निम्मेच भरले. याचे एक कारण अंगचोरी हे खरे. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आठ जणांचे झटके एकाच क्षणी एकाच दिशेने पडत नाहीत. पेट्रोल पंपावर काम करणारा विद्यार्थी कामचुकार नव्हता, त्याची पाळी होती. साडेपाचची गाडी पकडणाऱ्या मुलींना उत्साह कमी नव्हता, रस्ता लांब होता. या दोन कारणांत आपण फरक करीत नाही आणि जो आला नाही त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. दोर एका तालात ओढायचा तर कोणीतरी ‘हैश्या’ म्हणणारा लागतो. आमच्या गटात ते काम वहीवाली करीत होती, आणि आवाज न करता करीत होती.

रिंगेलमानचे हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले १९१३ साली. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्या चित्रपटाचा सारा संसार सरस्वतीबाईंनी सांभाळला. त्यांनी मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोके पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे केली. फाळक्यांच्या थोरवीस यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. परंतु एकशेदहाहून अधिक वर्षांनंतर तालुक्याच्या गावी निघालेल्या एका लघुपटातही वही ठेवणारीचे नाव आभारातच जावे, याचा विचार आपण केला पाहिजे. ज्या कामाचे छायाचित्र निघत नाही ते काम स्त्रियांकडे जाते, की स्त्रियांकडे गेलेल्या कामाचे छायाचित्र निघत नाही? काहीही असो, गुणपत्रिकेने तरी या अंधत्वावर शिक्कामोर्तब करू नये.

सहकाराच्या भूमीत

यावर एक आक्षेप येईल. चित्रपटाला एकच डोके लागते. सात डोक्यांच्या चित्रपटाला धड एकही डोके नसते. या म्हणण्यात तथ्य आहे. निर्णय कोणा एकाच्या हाती असावा, नाहीतर एकेका दृश्यावर ग्रामसभा भरते. पण निर्णयाचा अधिकार एकाकडे देणे आणि कामाचे श्रेय एकाकडे देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्राला तरी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली ती पाच भागीदारांची. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, दामल्यांचे ध्वनिमुद्रण, फत्तेलालांचे कलादिग्दर्शन, धायबरांचे छायाचित्रण आणि सीताराम कुलकर्ण्यांचे भांडवल. प्रत्येकाचे काम वेगळे आणि प्रत्येकाचे नाव भागीदार म्हणून. ती भागीदारी चिरकाल टिकली नाही. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. परंतु मोडण्यापूर्वी तिने जे दिले ते आपण जाणतो. पुढे त्याच प्रभातच्या आवारात, १९६० मध्ये, पुण्याची चित्रपट-प्रशिक्षण संस्था सुरू झाली, आणि तिथून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ या सहकारी संस्थेच्या वतीने १९७६ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणले. दिग्दर्शक म्हणून नावे चौघांची : मणी कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप व सईद मिर्झा. त्याच वर्षी आलेल्या श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’ला गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, आणि चित्रपटाने आपले निर्माते म्हणून त्यांचाच निर्देश केला. दोन रुपये देणाऱ्याचे श्रेय जिथे नोंदविले जाते, तिथे सात आठवडे राबणाऱ्याचे नोंदविण्यास अडचण कोणती?

अडचण आहे ती सवयीची. आपण विद्यार्थ्यांना सहकाराचा इतिहास शिकवितो. १९०४ चा कायदा, प्रवरानगरचा कारखाना, धनंजयराव गाडगीळ व विठ्ठलराव विखे पाटील यांची नावे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. परंतु सहकार करावा कसा, हे त्यांना कोणत्याही तासाला शिकविले जात नाही. बारावीपर्यंत ज्या मुलांना शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणे हे पाप म्हणून शिकविले, त्यांना पदवीच्या वर्गात अचानक ‘गट करा’ असे सांगून आपण मोकळे होतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी १९९० सालच्या ग्रंथात दाखविले की, सामाईक कुरणे, सामाईक पाणी लोक शतकानुशतके नीट सांभाळू शकतात; मात्र त्यासाठी सभासद कोण हे स्पष्ट असावे लागते, नियम सभासदांनी स्वतः केलेले असावे लागतात, परस्परांवर नजर असावी लागते आणि भांडण मिटविण्याची जागा जवळ असावी लागते. आमच्या गटाजवळ यांपैकी काहीही नव्हते. ते देणे माझे काम होते.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला, कॅमेरा हाती घेण्यापूर्वी गटाने एका पानावर कामाची वाटणी लिहून द्यावी. कोणाची गाडी कधी सुटते, कोणाची पाळी कधी असते, याची नोंद त्यातच असावी आणि चित्रणाचे वेळापत्रक त्यावरून ठरावे. दुसरा, वही ठेवण्याचे काम दर आठवड्याला पाळीपाळीने फिरावे. ते एकाच मुलीच्या गळ्यात पडू नये. तिसरा, गुणांचे दोन भाग करावेत. निम्मे गुण चित्रपटाला आणि ते सर्वांना समान. उरलेले निम्मे प्रत्येकाच्या कामाला, वही पाहून व तोंडी परीक्षा घेऊन. त्या परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाविषयी विचारू नये, सोबत्याच्या कामाविषयी विचारावे. दुसऱ्याने काय केले हे ज्याला सांगता येत नाही, तो गटात होता असे कसे म्हणावे? चौथा, श्रेयनामावली संकलकाने एकट्याने रात्री दोन वाजता करू नये. ती सर्वांनी एकत्र बसून, वही समोर ठेवून करावी. आणि पाचवा, अपुरा राहिलेला चित्रपटही, त्याची वही प्रामाणिक असेल तर, उत्तीर्ण व्हावा. अपयशाला शून्य गुण असतील तर मुले सोपा विषय निवडतील, किंवा खोटा शेवट जोडतील.

यातील अडचणींची मला जाणीव आहे. एका वर्गात ऐंशी विद्यार्थी म्हणजे अकरा-बारा गट. महाविद्यालयांत रिक्त जागा आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना केलेल्या तासांचेच पैसे मिळतात, आणि वह्या वाचण्याची तासिका कोणत्याही वेळापत्रकात नाही. शासनाला व विद्यापीठांना प्रकल्पाचे श्रेयांक हवे असतील, तर ते तपासणाऱ्याचा वेळही त्यांनी हिशेबात धरला पाहिजे. तो धरला जाईपर्यंत सर्वांना बेचाळीस देण्याचा मोह प्रत्येक अध्यापकाला होत राहणार. त्याला दोष देणाऱ्याने आधी त्याचे वेळापत्रक पाहावे. परंतु तो मोह आहे, न्याय नव्हे, एवढे तरी आपण स्वतःशी कबूल करावे.

‘नोकऱ्यांची एवढी चणचण असताना मुलांनी सिनेमे कसले काढायचे?’ असा प्रश्न पालक विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, या मुलांतून चित्रपट-व्यवसायात जाणारा क्वचित एखादा निघेल. बाकीचे कचेऱ्यांत, पतपेढ्यांत, शाळांत, दुकानांत काम करतील; म्हणजे आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या गटातच काम करतील. तेथेही एकजण वही ठेवील आणि दुसऱ्याचे छायाचित्र छापून येईल. वही ठेवणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी विसाव्या वर्षी आली नाही तर चाळिसाव्या वर्षी येणे कठीण. मला ती पंचेचाळिसाव्या वर्षी आली, तीही एका विद्यार्थिनीमुळे.

तिचे शिफारसपत्र मी लिहिले आणि अर्जातला कोरा रकाना तिच्याकडूनच, वही उघडून, भरून घेतला. मात्र तिच्या गुणपत्रिकेतले बेचाळीस मला आता बदलता येत नाहीत. यंदाच्या गटांचे गुण अजून द्यावयाचे आहेत. श्रेयांक विद्यापीठ देते. श्रेय मात्र आपल्यालाच द्यावे लागते, आणि त्यासाठी आधी वही उघडावी लागते.